मातीखालून येणारे संदेश

देवरूखच्या वरच्या अंगाला एका वाडीत डोंगर खचतोय का हे कळावं म्हणून आम्ही उतारावर छोटी यंत्रं पुरली होती. मातीचा ओलावा, तापमान आणि झुकाव मोजून ती आमच्या मोबाइलवर बिनतारी संदेश पाठवत. एका बॅटरीवर वर्षानुवर्षं चालत. मागच्या पावसाळ्यात डोंगर खाली आलाच. एक यंत्र ढिगाऱ्यात गाडलं गेलं, पण त्याचे संदेश थांबले नाहीत.

तपासणीला गेलो की एक बाई ढिगाऱ्यापाशी बसलेली दिसे. तिचा नवरा त्याच मातीत राहिला होता, सापडला नव्हता. माझ्या मोबाइलकडे बघत ती हळूच विचारी, "दादा, खालती गार हाय काय वो?" मी आकडा सांगे. मग ती मातीवर घोंगडी पसरून तिच्या कडा नीट दाबी, निजलेल्या माणसावर पांघरूण घालावं तशी.

एका दुपारी मी उतारावर असतानाच त्या यंत्राचा झुकाव अचानक बदलला. माती पुन्हा सरकत होती. मी धावत गेलो. "काकी, उठा, लांब चला."

"कूस बदलली ना त्यांनी?" ती शांतपणे म्हणाली. झुकाव बदलल्याचं मी तिला सांगितलंच नव्हतं.

दंडाला धरून मी तिला पलीकडच्या वाडीत तिच्या घरी आणलं. मागे सगळा ढिगारा दरीत उतरला आणि संदेश बंद पडले.

"सुटले," ती म्हणाली. "आता घरला येतील." तिने चूल पेटवली आणि दार सताड उघडं ठेवलं.

निघताना त्या दारावरून जायचा मला धीर झाला नाही. मी मागच्या वाटेने गाडीकडे गेलो.