मेहुणीची खिडकी

दुपारी जेवायला घरी आलो असताना मेहुणीची सीट बदलायला मी लॅपटॉप उघडला आणि काम अर्धवट टाकून उठलो. गुन्हा एवढाच.

मी एका ट्रॅव्हल्सच्या बुकिंगची वेबसाइट सांभाळतो. लग्नसराईत सुरतहून खानदेशात जाणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळच्या चाळीसगाव गाडीत बायकोच्या थोरल्या बहिणीला आतली सीट मिळाली होती. घरचा हुकूम होता, तिला शेजारची रिकामी खिडकी द्या. थेट डेटाबेसमध्ये शिरून मी सीट बदलली. बदल पक्का करायचं बटण दाबणार, तेवढ्यात शेठचा फोन आला, प्रिंटर अडकलाय. ‘याला कुणी हात लावू नका,’ असं घरादाराला बजावून मी डिंडोलीच्या घरून ऑफिसकडे स्कूटर पिटाळली.

ऑफिसात प्रिंटर ठणठणीत होता. साइट मात्र बंद.

पडद्यावर एकच वाक्य: डेटाबेसचं कनेक्शन उपलब्ध नाही. पासवर्ड तपासला. इंटरनेटवाल्याला उगाच झापलं. सर्व्हर रीस्टार्ट केला. थोडा वेळ शहाण्यासारखा चालला आणि पुन्हा ठप्प. पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा तेच. शेठ मागे येऊन उभे.

“शुं थयुं, भाई?”

“जोउं छुं, शेठ,” मी म्हणालो. बघतच होतो, सुचत काही नव्हतं.

मग सुरतेतल्याच लिंबायत वस्तीतून कापडाच्या लूमवरच्या एका कामगाराचा फोन. पैसे कापले गेले, तिकिटं आली नाहीत.

“दादा, सकाळे पोरनी सुपारी शे. गाडी चुकनी ते मी काय तोंड दखाडू?”

उद्या सकाळी साखरपुडा, आणि नवरी मुलगी आईबापासकट इथे सुरतेत. गाडी सुटायला फार वेळ नव्हता. नावांची यादी निघाली नाही तर दांडगे लोक घुसणार आणि हे तिघं रस्त्यावर राहणार. “येतायत तिकिटं,” मी सांगून टाकलं. कशाच्या जोरावर, ते देव जाणे.

सर्व्हरकडे डेटाबेसशी बोलायची कनेक्शनं मोजकी असतात, स्टँडवरच्या रिक्षांसारखी. एक गिऱ्हाईक सोडायचं, परत येऊन दुसरं घ्यायचं. माझ्या सगळ्या रिक्षा गेल्या होत्या आणि एकही परतत नव्हती. म्हणजे पुढे कुणीतरी रस्ता अडवून उभं होतं. डेटाबेसला कोण कोण चिकटलंय ते पाहिलं. सगळे त्याच चाळीसगाव गाडीसाठी ताटकळलेले, आणि सर्वांत पुढे एकजण काहीही न करता निवांत बसलेला.

त्याचं नाव माझंच होतं.

घरी फोन लावला. “अगं, लॅपटॉप चालू आहे का?”

“म्हणजे काय! बॅटरी संपली म्हणून बोंबलत होता. घरघंटी बंद करून त्याची वायर लावली. पापडाचं पीठ अर्धं राहिलंय माझं.”

बिचारीने त्याला मरू दिलं असतं तर मी केव्हाच सुटलो असतो.

“ते बंद कर. आत्ताच्या आत्ता!”

“अहो, हे विचारतंय, बदल ठेवायचा का? हो म्हणू?”

मला आता माझ्या कुठल्याच कामाचा भरवसा उरला नव्हता. “नाही म्हण!” मी इतक्या जोरात ओरडलो की शेठ दोन पावलं मागे सरले.

मग अडलेली बुकिंगं भराभर सुटू लागली. लिंबायतचा फोन आला: तिकिटं आली, तिन्ही आली. प्रिंटरमधून यादी निघाली.

तरीही घरी जाताना मी गाडीपाशी थांबलो, डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन पडेना. आईबाप मागे बसले होते. खिडकीशी ती मुलगी, मेंदीचे हात मांडीवर जपून ठेवलेले. आणि शेजारच्या आतल्या सीटवर, तोंड फुगवून, माझी मेहुणी. मी पुढे न होता स्कूटर वळवली.

घरी सगळं सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं, लॅपटॉपची वायर उपटली आणि घरघंटीची लावली.

“मुलीला खिडकी मिळाली, बरंच झालं,” ती म्हणाली. “पण ते ‘नाही’ माझ्या बोटानं म्हटलंय, हे ताईला कळता कामा नये.”