चार देशांची धिरडी आणि एक झाकण

समोरच्याने सांगितलेला पहिला भाव मी आयुष्यात कधीच मान्य केलेला नाही. देऊळगाव राजात जुन्या मोटारसायकलींचा धंदा मी उभा केला, तो याच एका गुणावर. (बायको याला गुण म्हणत नाही.)

माझे साडू रमेशराव यांचं शेगावात भांड्यांचं दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हाला नॉनस्टिक तव्यावर फ्रान्सचं धिरडं करून वाढलं आणि वर म्हणाले, "खाऊन घ्या भाऊ, तुमच्या घरी बेसनाच्या पुढं काई जात नाई."

माझं डोकं तापायला एवढं पुरतं. भरल्या ताटावरच मी जाहीर केलं: येत्या रविवारी माझ्या अंगणात चार देशांची धिरडी, तीही साध्या लोखंडी तव्यावर! एक जरी फसलं, तर रमेशरावांच्या दुकानातला नॉनस्टिक तवा ते सांगतील त्या भावाला घेईन. घासाघीस न करता.

बायकोच्या हातातला घास हातातच राहिला.

रविवारी मुलगी पल्लवी मोबाइलवरून कृती वाचू लागली. फ्रान्सचं पीठ मैदा, दूध, अंडी आणि वितळलेल्या लोण्याचं. पातळ भिजवून तासभर ठेवायचं.

"तासभर कशाले? वीस मिन्टं ठेव."

"बाबा, हे कृती हाय. गाडी नोय."

मी तिला समजावलं, लिहिणारासुद्धा आधी वाढवूनच सांगतो. दोन अंड्यांवरून मी एकावर आणलं. लोणी निम्म्यावर ठरलं.

अमेरिकेचं धिरडं जाड. बेकिंग पावडर घालून हलक्या हाताने कालवायचं, गुठळ्या राहिल्या तरी चालतात म्हणे. गुठळ्यांचा माल मी कधी घेतला नाही, इथे कसा घेणार? मिक्सरमधून काढलं. धिरडं गाडीच्या ट्यूबसारखं ताणलं जायला लागलं. (ट्यूब मी ओळखतो.)

इथिओपियाचं पीठ तीन दिवस आंबवायचं होतं. मी ते एका सकाळवर मिटवलं. जपानसाठी अंड्यातला पांढरा भाग फेस येईपर्यंत फेटून, मंद आचेवर झाकण ठेवायचं होतं.

"झाकण काऊन पायजे? आच वाढव, लवकर होते."

तेवढ्यात रमेशराव येऊन खुर्ची टाकून बसले. फ्रान्स तव्यालाच चिकटला. इथिओपियाचा भुगा झाला. जपान खालून कोळसा आणि वरून कच्चा. शेवटी बायकोने तवा खरवडला, तेलात बुडवलेली कांद्याची फोड त्यावर फिरवली आणि बेसनाची धिरडी काढली. रमेशरावांनी चार खाल्ली.

"मंग," हात धुताना ते म्हणाले, "शेगावले कधी येता?"

गेलो. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. रमेशरावांनी तवा समोर ठेवला. मी दात आवळून भाव विचारला.

"फुकट न्या भाऊ. मी सांगीन तो भाव, असंच ठरलं होतं न?"

शून्याच्या खाली कुठे जायचं? पाच मिनिटं जीभ आवरत तवा उलटसुलट करून पाहिला. मग जपान आठवला आणि तोंडून निघूनच गेलं, "बरं, सोबत झाकण तरी टाका."

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"झाली घासाघीस," रमेशराव म्हणाले. "शर्त मोडली तुम्ही."

त्यांनी तव्याची पूर्ण किंमत घेतली. झाकणाची वेगळी.

तो राग अजून गेलेला नाही. पण इतक्या वर्षांच्या धंद्यात, घासाघीस करून भाव शून्यावरून वर नेणारं गिऱ्हाईक मला दुसरं भेटलं नाही, हेही खरंच!