चांदसूर्याच्या धोंड्याची जागा

कराडला विट्याच्या मोटारीत बसलो तेव्हा पिशवीत जुन्या महजराची (गावाच्या साक्षीने लिहिलेल्या निवाड्याची) नक्कल होती आणि अंगात भूगोलाच्या मास्तराची पुरेपूर घमेंड. सुटीत गावोगावच्या माळांची आणि खुणांची नावे वहीत उतरवायची, हा माझा छंद. बोरगिरीच्या महजरात लिहिले होते, 'चांदसूर्याच्या धोंड्याच्या उगवतीचे रान धनगरांनी चारावे.' असा धोंडा मी अर्ध्या दिवसात हुडकीन, असे घरी सांगूनच निघालो होतो.

विट्याहून बैलगाडीने हाडे खिळखिळी करून घेत बोरगिरीचा माळ गाठला. उजाड, तांबूस, आणि कुसळे थेट धोतरात. तिथे बिराप्पा धनगर मेंढरे राखत होता. त्याने भाकरी आणि माडगे (हुलग्यांच्या पिठाचे पातळ, झणझणीत कालवण) पुढे केले. मी दोनदा मागून घेतले.

"धोंडा हितंच हुता," तो म्हणाला. "माझ्या ल्हानपनी गावानं नेला आन् देव केला. आता पाटील म्हंत्यात, धोंडा न्हाई तर शीव कसली? उगवतीच्या झऱ्यावर मेंढरं येऊ देत न्हाईत. झरा गेला तर कळप इकावा लागंल, मास्तर."

"नुसते सांगून कसे चालेल? खूण दाखवा," मी ऐटीत म्हणालो, एक पाऊल मागे सरलो आणि गुडघ्यापर्यंत खाली गेलो. मुरमात कोरलेला चौकोनी खड्डा होता, वर गवत माजलेले.

"घावली की," बिराप्पा शांतपणे म्हणाला आणि मला ओढून काढले.

खड्ड्याचे माप काठीवर घेऊन बिराप्पाबरोबर लंगडत गावात गेलो. देवळात बोटभर शेंदराचा थर चढलेला धोंडा होता. वरच्या अंगाला चंद्र आणि सूर्य अजून हाताला लागत होते. बूड काठीवरच्या मापाशी तंतोतंत जुळले. तोवर पाटील आले, मागून निम्मे गाव.

"ह्यो देव सोयंभू हाय," पाटील म्हणाले. "पांडवांच्या आदीपास्नं हितंच हाय."

मी महजर काढून सर्वांना ऐकू जाईल असा वाचला. "म्हणजे पाटील, धोंडा पहिल्यापासून इथेच, तर इथून उगवतीचे सारे रान धनगरांचे. तुमचे घर देवळाच्या कुठल्या अंगाला?"

पाटलांचे घर उगवतीलाच होते. कोणीतरी खुदकन हसले. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला.

"आवं, तसं न्हवं," ते म्हणाले. "माझ्या आज्यानं माळावरनं वाजतगाजत आनला. देव उघड्यावर ऱ्हातोय, ते त्याला बघवंना. पर आता परत न्या म्हनू नगा."

"देव तुमच्यापाशीच ठिवा," बिराप्पा म्हणाला. "जागा तेवढी लिवा."

मग सारे माळावर गेले. खड्ड्याची जागा मी वहीत लिहिली, खाली पाटलांनी सही केली, बिराप्पाने अंगठा उठवला. त्या संध्याकाळी मेंढरे झऱ्यावर पाणी प्यायली आणि खरे सांगतो, माझे डोळे भरून आले. बिराप्पाने एक ओबडधोबड दगड लोटत आणून खड्ड्यात बसवला.

"ह्याला कुनी शेंदूर लावू नगा," त्याने बजावले. "मास्तर, तेबी लिवा."

परतीच्या मोटारीत सुजलेला पाय समोरच्याच्या गाठोड्यावर ठेवून मी विचार करत होतो. कागद माझ्यापाशी होता, पण जागा बिराप्पाने जपली होती. नावे गोळा करणारा मी, त्या खड्ड्यात पडलो नसतो तर कागदावरच राहिलो असतो. घरी पोचल्यावर पाय शेकत शेकत वही पक्की केली. बोरगिरीच्या पानावरची शेवटची ओळ अशी आहे: 'माळावर एक दगड आहे. तो देव नाही. त्याला हलवू नये.'