ग्रेनाडाची बातमी आणि आप्पासोंची खुर्ची

कराडच्या अलीकडच्या एका गावाची सरपंचकी आप्पासोंनी पंधरा वर्षं धरून ठेवली होती, आणि धरून म्हणजे अगदी दातओठ खाऊन. मुक्कामाला म्हणून कुठं जायचे नाहीत. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि जेवायलाही न थांबता माघारी. पाठ फिरली की लोक खुर्ची ओढतील, ही धास्ती. बायकांच्या राखीव जागेवर मेंबर कोण, तर यांचीच बायको रंगुबाई. तिनं कधी पंचायतीची पायरी चढली नव्हती. कागद घरी यायचा, अंगठा घरीच उठायचा.

त्या रंगुबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सांगलीचा डॉक्टर म्हणाला होता, आठ दिवस राहायच्या तयारीनं या, उशीर केलात तर नजर जाईल. बिचारी तवा चाचपडत भाकरी टाकायची आणि हे म्हणायचे, "जाऊ गं, जरा गाव निवळू दे." गाव कधी निवळतं का?

शेवटी एकोणऐंशीच्या मार्चात मेव्हण्यानं लयच जोर लावला, तेव्हा वळकटी बांधली. निघायच्या सकाळी चावडीवर हवालदार मानसिंग भेटला. पलटणीतून पेन्शनीवर आलेला गडी, रेडिओ कानाला लावूनच असायचा.

"सरपंच, ऐकलं का? ग्रेनाडा म्हणून बेट हाय, तितलं सरकार गेलं. प्रधानमंत्री परदेशी गेला आन् मागं मूठभर माणसांनी बराकी धरल्या, रेडिओ स्टेशन धरलं. संपलं."

आप्पासो जवळ सरकले. "केवढं हाय बेट?"

"आपल्या तालुक्यापरास बारकं. पंधरा मेंबर निवडून येत्यात."

"पंधराच? आन् वर कोण न्हाई?"

"हाय की. इंग्लंडची राणी. तिचा गव्हर्नर बी तितंच बसलाय."

"मग राणीनं काय केलं?"

"ती लांब. ती काय करती?"

डोक्यावर राणी असून ही गत, तर आपल्याला कोण वाली? आप्पासोंनी तडक घरी येऊन वळकटी सोडली. पंचायतीचा रेडिओसुद्धा उचलून माजघरात आणून ठेवला. रंगुबाई चुलीपुढं बसून नुसती ऐकत होती.

महिन्याभरात अविश्वासाचा ठराव आला. आप्पासो निर्धास्त होते. सगळा निकाल एका मतावर होता आणि ते मत घरातलं होतं. फक्त तालुक्याचे साहेब म्हणाले, अंगठा चालायचा नाही, समोर येऊन हात वर करा. म्हणून त्यांनी बायकोला हाताला धरून आणलं आणि बाकावर बसवलं.

साहेब म्हणाले, "ठरावाच्या बाजूचे हात वर करा."

विरोधकांचे हात वर गेले. रंगुबाईचाही गेला.

आप्पासोंना वाटलं, बाई चुकली. खाली वाकून म्हणाले, "अगं, हे त्यांचं हाय. आपलं मागनं."

"कळतंय मला. डोळं गेल्यात, कान न्हाई गेलं," रंगुबाई म्हणाली. "आवं, खुर्ची हाय तवर तुमी गावाभाईर पडायचं न्हाई. आता मोकळं झाला. उद्या सांगलीला चला."

एवढी वर्षं खुर्ची कोण ओढतंय म्हणून आप्पासो वेशीकडं बघत बसले होते. साहेबांनी मतं मोजली आणि हातानंच खूण केली. सगळ्यांनी हात खाली घेतले. रंगुबाईचा तेवढा वरच राहिला. खूण तिला दिसलीच नव्हती.

आप्पासो खुर्चीवरून उठले आणि तो हात त्यांनी आपल्या हातानं खाली घेतला.