बाळकुमच्या तुळसाबाईची नथ

तुळसाबाईला चोर म्हणताना तुमच्यापैकी किती जणांनी तिची नथ डोळ्यांनी पाहिली होती? मी पाहिली. पंचांच्या समोर बसून पाहिली, म्हणून लिहितो.

तुळसा म्हणजे राघोची बायको, बाळकुमच्या मिठागरात टोपलीनं मीठ वाहणारी. तळपायांना चिरा, आणि जीभ मिठाहून खारट. वीस वर्षं राबून तिनं ठाण्याच्या बाजारातल्या गोपीनाथ सोनाराकडून तांबड्या खड्याची नथ घेतली. अस्सल माणिक आहे, असं त्यानं देवाची शपथ घेऊन सांगितलं. हिनं ते साऱ्या गावाला ऐकवलं. बाया म्हणायच्या, "अगो, तुजं नाक पुढं चालतंय नि तू मागनं."

गेल्या माघात आगराचे मालक महिपतराव यांच्याकडे लग्न होतं. ऐन मांडवात मालकीणबाईंच्या कानातल्या कुडीतलं माणिक नाहीसं झालेलं दिसलं, आणि त्याच मांडवात तुळसा नथ घालून आलेली. झालं. माणिक मजुरणीच्या नाकात, म्हणजे चोरीचंच! पंच बसले. चोरी ठरली तर राघोचं घर वाळीत आणि आगरातलं काम बंद.

पारखायला बोलावलं कोणाला, तर गोपीनाथाला. कुडी लग्नाच्या आठ दिवस आधी त्याच्याच दुकानातून दुरुस्त होऊन आलेली, पण त्याबद्दल एकाही शहाण्यानं तोंड उघडलं नाही. त्यानं नथ उन्हात धरली आणि सांगितलं, हे कुडीतलंच माणिक. या बाईला मी कधी काही विकलेलं नाही.

तुळसा आता शिव्या घालणार, असं मला वाटलं. पण पुढं तिनंच सांगितलं, तिला तेव्हा मालन आठवली. मालन तिच्याबरोबर मीठ वाहायची, तिचीही नथ त्याच दुकानातली. मालनचा खडा मिठात पडला, तेव्हा बायांनी दोन दिवस ढीग उपसला. तांबडं काही सापडेना. शेवटी टोपलीच्या तळाशी एक पैलूदार पांढरा तुकडा मिळाला. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं तुळसा हसली होती. आपला खडा खरा, ही तिची खात्री.

आता आपलाही खोटा निघावा, एवढंच तिला हवं होतं.

तिनं नथ मागून घेतली, कमरेला खोचलेला पोती शिवायचा दाभण काढला. पुरावा मोडू देऊ नका, म्हणून सोनार ओरडत राहिला. तिनं कोंदण उचकटलं. खडा पंचांच्या तळहातावर पडला, गारेसारखा पांढरा. खड्याखाली रंगासाठी लावलेला तांबडा वर्ख कोंदणातच चिकटून राहिलेला.

"मालकिणीचं मानिक असंच व्हतं का?" तिनं विचारलं. "असंल तर मी चोर."

पंच धोतरं झटकून उठले. माफी कोणी मागितली नाही. सोनार आजही दुकानात बसून शपथा घेतोय. वाटेत तुळसा मला म्हणाली, चोर ठरले असते तर निदान माणिक तरी खरं ठरलं असतं.

तुमच्याही गावात पंच बसतील. माल विकणारा आणि पारखणारा एकच दिसला, तर मान खाली घालून बसू नका. एवढं करा, उठा आणि आधी त्यालाच जाब विचारा.