इंजिन गार, कॉईल गरम

“ह्यो डबा काढ. आत्ताच्या आत्ता काढ आन् माझं पॉइंट बसव!”

सुभेदार आबांनी बॉनेटवर थाप मारली. त्यांची जुनी जीप टोचन लावून माझ्या विट्याच्या गॅरेजात आली होती. आठवडाभरात दुसऱ्यांदा. मी ऑटो इलेक्ट्रिशियन. असली थाप परत परत ऐकली की डोकं फिरतं.

जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटर असतो. त्यात पॉइंट, म्हणजे धातूचे दोन बारके तुकडे, उघडझाप करतात. उघडले की कॉईल स्पार्क देते. पण पॉइंट घासतात, काळे पडतात, गाडी नडते. इलेक्ट्रॉनिक किटमध्ये पॉइंटच नाहीत. मॅग्नेटची रिंग आणि एक सीलबंद मॉड्यूल. आबांच्या भाषेत, डबा.

किट आणलं संपतनं, आबांच्या पोरानं. त्याचं तिकडं तमिळनाडूत, सेलमला गलाईचं दुकान, म्हणजे सोनं गाळायचं काम. आटपाडीच्या रस्त्याला भर उन्हात आबा एकटे अडकले होते, तेव्हाच त्यानं पॉइंट काढून किट बसवायचं ठरवलं होतं.

“किटवर चालली तर ऱ्हाईल. न्हाईतर विकायची,” तो मला म्हणाला होता. आबांनी ते ऐकलं होतं. फौजेतून रिटायर झाल्यावर लिलावात घेतलेली गाडी. ती गेली तर माणूस घरात बसणार, हे मलाही कळत होतं.

आता दोन मॉड्यूल जळालेली. आधी मला डुप्लिकेट मालाचा संशय आला, म्हणून दुसरं मी स्वतः सांगलीहून आणलं होतं. चार्जिंग तपासलं. बरोबर. वायरिंग बरोबर. अर्थिंग बरोबर.

“तू आन् संपत मिळालायसा,” आबा म्हणाले. “गाडी बंद पाडायची आन् विकायची.”

“आवं आबा, काय बोलताय?” मी भडकलो. पण तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचा कुणी जुन्या गाड्या गोळा करणारा. “सुभेदारांची जीप पुन्हा बंद पडली म्हणे. विकायची आहे का?”

जीप येऊन अर्धा तास झाला नव्हता. ह्याला सांगितलं कुणी? संपत सुट्टीला गावीच होता. माझ्या मनात पाल चुकचुकली.

तिसरं मॉड्यूल बसवून गाडी घरी पाठवली. दोन दिवसांनी सकाळी न सांगता आबांच्या दारात जाऊन उभा राहिलो. जीप अंगणात. इंजिनला हात लावला. गार. कॉईलला लावला आणि चटका बसला.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची कॉईल तापते कशी? कुणीतरी काहीतरी करतंय, हे नक्की. संपत ब्रश तोंडात धरून बाहेर आला.

“काय केलंस रं गाडीला?”

“मी?” त्यानं ब्रश काढला. “मला तर तुझाच संशय हाय. भंगारातला माल घालतोस व्हय?”

आमची जुंपली. आबा चहाचा कप घेऊन दारात आले.

“भांडताय कशाला? हात नका लावू, चावी चालू हाय. परेड चाललीया.”

“कसली परेड?”

“फर्स्ट परेड. फौजेत गाडी हालायच्या आधी रोज तपासायची. तेल, पाणी, हवा. मग चावी चालू करून, पॉइंट उचलून ठिणगी बघायची. आता ठिणगी दिसती कुठं? म्हणून चावी चालू ठिवून च्या पितो. मग डब्याला हात लावतो. गरम लागला म्हंजे जित्ता हाय.”

मी धावत जाऊन चावी बंद केली. इंजिन बंद आणि चावी चालू असली की करंट कॉईल आणि मॉड्यूलमधून नुसता वाहत राहतो. पॉइंटच्या वेळी आबा ठिणगी बघून लगेच चावी बंद करायचे. आता ते डबा तापायची वाट बघत होते. म्हणजे मॉड्यूल जळायचीच.

आबांनी कप पायरीवर ठेवला. “म्हंजे दोन्ही मीच मारलं?”

मी मान डोलावली. माणूस एवढासा झाला. मला वाईट वाटलं.

“आन् पुण्याचा फोन?” मी संपतला विचारलं.

“मीच सांगितलं हुतं.” तो खाली बघत राहिला. “मी तिकडं सेलमला. आबा रस्त्यात एकटं पडलं तर कळणार बी न्हाई. लय भ्या वाटतं.”

पण आता बिघाडाचं कारण सापडलं होतं. संपतनं माझ्यासमोरच पुण्याला फोन लावून नाही म्हणून सांगितलं.

मी प्लगच्या वायरवर एक छोटा टेस्टर बसवला. इंजिन चालू झालं की त्यात ठिणगी लुकलुकते. आबांना समजावलं : चावी फिरवली की लगेच इंजिन चालू करायचं, आणि मग परेड घ्यायची.

ते तिसरं मॉड्यूल अजून चालू आहे. जीप आबांकडेच आहे. नवा पार्ट बसवायच्या आधी गाडीबरोबर मालकही खोलून बघावा, एवढं मी शिकलो.

परवा आबा जीप घेऊन गॅरेजवरून गेले. हाक मारून थांबवलं आणि विचारलं, “काय आबा, डबा बरा हाय का?”

त्यांनी सीटखालून जुन्या पॉइंटची पुडी काढून मला दाखवली, परत जागेवर ठेवली आणि गिअर टाकला.