सातव्या होलचं टेकाड

गोल्फ कोर्सवरच्या सातव्या होलच्या सौद्यात तिथल्या मालकाने, शेठने, मला फसवलं, आणि तो सौदा शेजारी उभं राहून ऐकणारा माणूस आता तोंड उघडत नाही.

मी खानदेशातून सुरतला आलो तो लूमवर, कापडाच्या मागावर कामाला. लूम सोडून मातीकामात शिरलो, आधी दुसऱ्याची माती उकरायची मशीन चालवली, मग भांडून, घासाघीस करून स्वतःची घेतली. कडोदऱ्यापासून पलसाण्यापर्यंत कापड रंगवणाऱ्या कितीतरी डाइंग मिलांच्या शेडखालची जमीन मी सपाट केली आहे. सपाट करणं हाच माझा धंदा. उंचवटा दिसला की माझे हात शिवशिवतात.

शेठने पलसाण्याकडे गोल्फ कोर्स काढला तेव्हा मातीचं काम मला मिळालं. उसाची जुनी जमीन, नजर जाईल तिथवर झाड नाही. आखणी करणारा साहेब पुण्याचा. मी त्याला विचारलं, "साहेब, इथे खेळणाऱ्याला अडवणार काय?"

"वारा," तो म्हणाला. "आणि तुमची मशीन."

मग त्याने काठीने मातीत रेघा ओढून सातवा होल समजावला. मैदान ऐसपैस. डाव्या अंगाने पाण्याचा चर तिरका जातो. ज्या हिरवळीवर बॉल पोचवायचा ती ग्रीन, आणि तिच्या पुढे उजवीकडे कमरेएवढं एक टेकाड. पहिला फटका धीर करून चराला लगटून मारला तर पुढची वाट मोकळी, बॉल घरंगळत ग्रीनवर जातो. भिऊन उजवीकडे मारला तर बॉल सुखरूप राहतो, पण टेकाड आडवं येतं. त्याच्यावरून उचलून मारावं लागतं, आणि पलीकडे उतार असल्याने बॉल थांबत नाही. शिवाय उन्हाळ्यात समुद्राकडचा वारा बॉलला चराकडेच ढकलतो.

"म्हणजे आधी जोखीम घेतली की पुढे सूट," मी म्हणालो. "आधी सूट घेतली की पुढे भरायचं."

"तुम्हाला गोल्फ कळतं," साहेब हसला.

"मला भाव करता येतो."

त्या टेकाडासाठी मी ड्रायव्हरला खाली उतरवून स्वतः मशीनवर बसायचो. घालायचो, लांबून बघायचो, मोडायचो, पुन्हा घालायचो. उतार कुठे संपतो ते डोळ्याला कळू नये, असं साहेबाला हवं होतं. तसा उतार जमला त्या दिवशी मी मशीन बंद केली, ती पुन्हा त्याला लावली नाही. उभ्या आयुष्यात सपाट न केलेली ती माझी एकच गोष्ट.

काम संपल्यावर शेठ दर पाडायला लागला. मी म्हणालो, पाडतो, पण सातव्या होलला कधी कोणी हात लावायचा नाही. तो "जबान" म्हणाला, म्हणजे शब्द दिला. आमच्याकडे बैलबाजारात हातावर रुमाल टाकून, आत बोटं दाबून भाव ठरतो, त्यावर कागद लागत नाही. तसाच रुमाल मी आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. साहेब शेजारी उभा होता. होलची अट मी मोठ्याने बोललो, दर बोटांनी दिला.

आता शेठने बाजूला बंगल्यांचे प्लॉट काढलेत. येणाऱ्या गिऱ्हाइकांना मिलची धुराडी दिसतात, आणि मेंबर म्हणतात सातव्यावर बॉल थांबत नाही. म्हणून चर बुजवायचा, टेकाड काढायचं, दोन्ही कडांना ताडासारखी शोभेची झाडं लावायची. आणि हे काम करायला शेठने मलाच बोलावलं.

मी रुमालाची आठवण दिली. शेठ चहा पीत होता. "रुमालनी अंदर तो भाव हतो, भाऊ," तो म्हणाला. "होल तो बहार हतो."

त्याचं खरं होतं, रुमालाच्या आत भावच होता, होल बाहेर राहिला. बोटं दाबून आकडा सांगता येतो, टेकाड सांगता येत नाही. मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला, तोंडाला येईल ते बोललो. शेठने फडक्याने टेबल पुसलं आणि म्हणाला, "तमे नहीं तो बीजो करशे." मी नाही तर दुसरा करील.

साहेबाला फोन केला. "तुम्ही तिथे होतात," मी म्हणालो. "अट ऐकली होतीत."

"मला नीट आठवत नाही हो. आणि मालक ते आहेत."

नवा नकाशा त्यानेच काढलाय, हे मला शेठच्या मॅनेजरकडून कळलं.

घरी बायको म्हणाली, "त्यामा तुमनं काय जास? भरीसन पैसा भेटस." मी ताटावरून उठलो. माझं काय जातं ते मला दिसत होतं. सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या चौकात उभा राहतो तेव्हा चारी बाजूला मी सपाट केलेलंच दिसतं. वळून बघावं असं त्यात काही नाही.

दुसऱ्याची मशीन आज टेकाडाशेजारी आणून लावली आहे. माझे हात जोडून झालेत, शिव्या देऊन झाल्यात, माझ्याकडे आता पाडायला दर उरलेला नाही.

शेठकडून मला उत्तर नको, तो व्यापारी आहे. उत्तर साहेबाने द्यावं. मशीन चालू व्हायच्या आधी त्याने पुण्याहून यावं, सातव्याच्या टीवर, जिथून पहिला फटका मारतात तिथे, माझ्याशेजारी उभं राहावं, आणि दोन्हीकडे झाडं, मध्ये सपाट, अशा त्याच्या नव्या होलवर खेळणाऱ्याने काय ठरवायचं, ते मला काठीने मातीत काढून दाखवावं. आणि त्या दिवशी मी काय बोललो होतो, ते शेठसमोर सांगावं.